संत निकोलस: माणूस किती आणि दंतकथा किती?

डिसेंबर आला की ‘सांताक्लॉजमागचा खरा माणूस’ अशा मथळ्याचा लेख कुठे ना कुठे वाचायला मिळतोच. त्यात साधारण पुढची माहिती असते. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा या गावचे बिशप. जन्म पतारा गावी, श्रीमंत घरात. तरुणपणी त्यांनी जहाजाने जेरुसलेमची यात्रा केली. वडिलोपार्जित संपत्ती गरिबांना वाटून टाकली. हुंड्याअभावी लग्न अडलेल्या तीन मुलींच्या घरात रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. निकियाच्या धर्मपरिषदेत एरियस नावाच्या धर्मपंडिताच्या थोबाडीत मारली. ६ डिसेंबर ३४३ रोजी त्यांचं निधन झालं.

वाचताना हे सगळं एकाच माणसाने एका बैठकीत लिहून ठेवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात या सात-आठ वाक्यांतली माहिती वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या मजकुरातून आली आहे. एखाद्या वाक्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे, एखाद्याचा पुरावा अगदीच लंगडा आहे, आणि एक वाक्य तर बहुधा दुसऱ्याच माणसाच्या आयुष्यातलं आहे.

मी स्वतः सायन्सची विद्यार्थिनी. मग हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर कारण असं, की लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नेमकं काय करायचं हे समजावायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. पीएचडीला लागलात की एक प्रश्न तुमची पाठ सोडणार नाही: हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, आणि त्याला कसं कळलं? हाच प्रश्न आपण निकोलस यांच्या चरित्राला विचारून पाहू.

आधी जागा आणि काळ

मायरा हे लिशिया प्रांतातलं शहर. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतात डेमरे नावाचं गाव आहे, तेच हे ठिकाण. शहराचं बंदर म्हणजे अँड्रियाके. इजिप्तहून धान्य घेऊन निघालेली जहाजं या किनाऱ्याने पुढे जात. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात बांधलेलं धान्याचं मोठं कोठार अँड्रियाकेला आजही उभं आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाला कैदी म्हणून रोमला नेताना मायरा इथेच अलेक्झांड्रियाच्या जहाजात बसवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे हे आडबाजूचं खेडं नव्हतं. खलाशी, सैनिक, व्यापारी यांची इथे कायम ये-जा होती. निकोलस यांच्या गोष्टी पुढे जगभर कशा पोचल्या, त्याचं अर्धं उत्तर या बंदरात आहे.

काळ सम्राट कॉन्स्टंटाइनचा, म्हणजे इसवी सन ३०६ ते ३३७ आणि त्याच्या आसपासचा. ख्रिस्ती धर्माचा छळ थांबून त्याला राजाश्रय मिळत होता. बिशप या पदाला आता गावात वजन आलं होतं.

समकालीन पुरावा: शून्य

निकोलस यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही आज उपलब्ध नाही. त्यांच्या हयातीत दुसऱ्या कोणी त्यांच्याबद्दल लिहिलेलंही काही शिल्लक नाही. ३४३ हे मृत्यूचं वर्षसुद्धा परंपरेने सांगितलेलं आहे, कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. चर्चचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा युसेबियस त्याच काळातला, पण त्याच्या ग्रंथांत निकोलस यांचं नाव नाही. एरियसविरुद्धच्या वादाचं नेतृत्व करणारा अथनेशियस, त्याच्या लिखाणातही नाही.

इथे घाई करून ‘म्हणजे असा माणूस झालाच नाही’ असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. पण मौन हा पुरावा कधी ठरतो? जेव्हा त्या लेखकाने त्या गोष्टीबद्दल बोलणं अपेक्षित होतं, तेव्हाच. लिशियातल्या एका बंदराच्या गावी एक भला बिशप होता, याची नोंद युसेबियसने घ्यायलाच हवी होती असं काही नाही. त्या काळी शेकडो बिशप होते आणि बहुतेकांचा आपल्याला मागमूसही नाही. तेव्हा एवढ्या मौनाने निकोलस यांच्या अस्तित्वाला धक्का लागत नाही. मात्र अथनेशियसच्या मौनाकडे आपल्याला थोड्या वेळाने परत यायचं आहे, कारण थपडेच्या गोष्टीच्या बाबतीत तेच मौन फार बोलकं होतं.

समकालीन नाही, तर मग पहिला ठोस माग कधीचा? सहाव्या शतकातला. इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, की सम्राट जस्टिनियनने राजधानी कॉन्स्टंटिनोपलमध्ये संत प्रिस्कस आणि संत निकोलस यांच्या नावाचं चर्च बांधलं. म्हणजे मृत्यूनंतर दोनशे वर्षांत या गावच्या बिशपांचं नाव थेट राजधानीत पोचलं होतं. त्याच शतकातल्या दुसऱ्या एका चरित्रात मायरा इथल्या संत निकोलस यांच्या समाधिस्थळाचा उल्लेख येतो. त्या चरित्राचा नायकही निकोलस, आणि त्याच्या काकाचं नावही निकोलस! एखाद्या प्रदेशात एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ठेवलं जात असेल, तर त्या नावाचं कोणीतरी तिथे मानाचं होऊन गेलं असावं, असा तर्क करता येतो. हा अप्रत्यक्ष पुरावा आहे. एकट्याने तो फार वजन पेलणार नाही, पण समाधी आणि राजधानीतलं चर्च यांच्या जोडीला बसवला की चित्र जुळतं.

सर्वात जुनी गोष्ट: तीन सेनापती

निकोलस यांच्याबद्दलची सर्वात जुनी गोष्ट भेटवस्तूंची नाही. ती एका फाशीची आहे, खरं तर शिरच्छेदाची. अभ्यासक तिला ‘सेनापतींची कथा’ म्हणतात.

कथा अशी. कॉन्स्टंटाइनने फ्रिजिया भागातली गडबड मोडून काढायला तीन सेनापती पाठवले. वाटेत त्यांची जहाजं अँड्रियाके बंदरात थांबली. सैनिक किनाऱ्यावर उतरले, बाजारात लुटालूट आणि मारामारी सुरू झाली. निकोलस स्वतः तिथे गेले, सेनापतींना भेटले आणि दंगा थांबवायला लावला. तेवढ्यात शहरातून निरोप आला, की सुभेदाराने लाच खाऊन तीन निरपराध माणसांना मृत्युदंड सुनावला आहे आणि त्यांना वधस्थळी नेलंही आहे. निकोलस धावत तिथे पोचले. माणसं गुडघ्यांवर बसवलेली, तोंडावर कापड, तलवार वर उचललेली. त्यांनी जल्लादाच्या हातातून तलवार हिसकावून फेकून दिली, तिघांना सोडवलं आणि मग सुभेदाराला गाठून तोंडावर जाब विचारला.

हे सगळं ते तीन सेनापती बघत होते. मोहीम फत्ते करून ते राजधानीत परतले, तिथे मत्सराने त्यांच्यावर राजद्रोहाचा आळ आला. प्रधान अब्लाबियसच्या सांगण्यावरून सम्राटाने त्यांना तुरुंगात टाकलं आणि रातोरात मारायचा हुकूम दिला. तुरुंगात त्यांना मायराचे बिशप आठवले. त्यांनी प्रार्थना केली. त्या रात्री निकोलस सम्राटाच्या आणि अब्लाबियसच्याही स्वप्नात आले आणि ‘ही माणसं निर्दोष आहेत, सोडा’ असं बजावलं. सकाळी तिघे सुटले.

आता तपासणी. ही कथा किमान किती जुनी? सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टंटिनोपलचा धर्मगुरू युस्ट्रेशियस आपल्या ग्रंथात ती उद्धृत करतो. म्हणजे ती त्याच्या आधीची आहेच. किती आधीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा मर्यादेचा उपयोग लक्षात ठेवा: नेमकी तारीख मिळत नसेल, तर ‘याच्यानंतरची नक्कीच नाही’ अशी एक कड तरी पक्की करता येते.

दुसरी तपासणी नावांची. रोममध्ये दर वर्षी दोन कॉन्सल नेमले जात आणि वर्ष त्यांच्या नावाने ओळखलं जाई, म्हणून कॉन्सलांच्या याद्या नीट जपल्या गेल्या. कथेतल्या सेनापतींपैकी दोघांची नावं नेपोटियानस आणि उर्सस. यादीत बघा: ३३६ चा एक कॉन्सल नेपोटियानस, ३३८ चा एक कॉन्सल उर्सस. आणि अब्लाबियस तर कॉन्स्टंटाइनच्या काळातला अत्यंत प्रबळ अधिकारी, ३३१ चा कॉन्सल. संतचरित्रांत अधिकाऱ्यांची नावं बऱ्याचदा मनाने घातलेली असतात. इथे ती काळाशी जुळतात.

यावरून कथा खरी ठरली का? नाही. कदाचित कथा लिहिणाऱ्याने जुन्या यादीतून नावं उचलली असतील. कदाचित त्याच नावाची दुसरी माणसं असतील. पण दोन शक्यता समोर ठेवून ‘कुठली जास्त सरळ?’ असं विचारता येतं, आणि चौथ्या शतकातली काही खरी आठवण या कथेत शिल्लक आहे, असं मानायला जागा आहे. स्वप्नाचं काय? ते तपासायचं साधनच आपल्याकडे नाही. तेव्हा ते खरं किंवा खोटं म्हणत बसू नये, आपल्या प्रश्नाच्या बाहेर ठेवावं.

तीन मुली: पाचशे वर्षांनंतरचं पहिलं चरित्र

आता ती प्रसिद्ध गोष्ट. एक माणूस कंगाल झाला. तीन मुली, हुंडा नाही, लग्नं होईनात. त्यांना वेश्याव्यवसायाला लावण्याचा विचार त्याच्या मनात आला. निकोलस यांना हे कळलं. रात्री त्यांनी खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, थोरलीचं लग्न झालं. मग दुसरी थैली, दुसरं लग्न. तिसऱ्या खेपेला बाप जागा राहिला, मागे धावला आणि त्याने त्यांना ओळखलं. निकोलस यांनी त्याच्याकडून वचन घेतलं, की हे कोणाला सांगायचं नाही.

ही गोष्ट आपल्याला पहिल्यांदा सविस्तर मिळते ती मायकेल नावाच्या एका मठाधिपतीने लिहिलेल्या चरित्रात, नवव्या शतकाच्या पूर्वार्धात. निकोलस यांचं हे पहिलं पूर्ण चरित्र. मृत्यूपासून अंतर साधारण ५०० वर्षं. म्हणजे एकनाथ महाराजांच्या जन्माच्या सुमारास होऊन गेलेल्या माणसाचं पहिलंवहिलं चरित्र आज कोणी लिहायला बसावं, असं.

उशिरा लिहिलेलं म्हणजे खोटंच, असा नियम नाही. तोंडी परंपरा जुनी असू शकते, मधले ग्रंथ हरवलेले असू शकतात. पण आपल्या हातात ते मधले दुवे नाहीत. मग या गोष्टीबद्दल ‘निकोलस यांनी तीन मुलींना मदत केली’ असं न लिहिता ‘नवव्या शतकातल्या चरित्रानुसार...’ असं लिहावं लागतं. थिसिसमध्ये वाक्याच्या सुरुवातीचे हे दोन-तीन शब्दच तुमचा प्रामाणिकपणा दाखवतात. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

गोष्ट प्रवासात कशी बदलते तेही बघा. मायकेलच्या चरित्रात खिडकी आहे. नंतरच्या सांगण्यांत धुराडं आलं, मग वाळत घातलेल्या मोज्यात सोनं पडू लागलं. तेराव्या शतकात ‘लेजेंडा ऑरिया’ या संतकथांच्या संग्रहाने या कथा पश्चिम युरोपभर नेल्या. पुढे डच लोकांचा सिंटरक्लास, त्यावरून अमेरिकेतला सांताक्लॉज, १८२३ मधली एक गाजलेली इंग्रजी कविता आणि १८६३ पासून थॉमस नास्टने काढलेली चित्रं, असा तो प्रवास आहे.

दोन निकोलस, एक चरित्र

आता जेरुसलेमच्या यात्रेचं वाक्य. मघाशी ज्या दुसऱ्या चरित्राचा उल्लेख केला, त्याचा नायक म्हणजे सियोनचा निकोलस. मायराजवळच्या डोंगरात ‘पवित्र सियोन’ नावाचा मठ होता, त्याचा हा प्रमुख. पुढे पिनारा गावचा बिशप झाला आणि १० डिसेंबर ५६४ रोजी वारला. त्याचं चरित्र त्याच्या मृत्यूनंतर लवकरच लिहिलं गेलं असावं, कारण त्यात गावांची नावं, साथीच्या काळातली धान्यटंचाई, बैल कापून घातलेली गावजेवणं असे बारीकसारीक तपशील आहेत. त्या मठाशी जोडला जाणारा चांदीच्या पूजापात्रांचा मोठा साठा १९६३ मध्ये कुमलुजा इथे सापडला. म्हणजे हा माणूस ऐतिहासिकदृष्ट्या आपल्या निकोलस यांच्यापेक्षा किती तरी पक्का आहे.

घोटाळा पुढे झाला. दोघांचं नाव एक, मुलूख एक, दोघेही बिशप, सणही डिसेंबरच्या सुरुवातीचे. दहाव्या शतकापर्यंत चरित्रकारांनी दोघांची सरमिसळ केलेली दिसते. जहाजाने जेरुसलेमला जाणं, मठ स्थापन करणारा काका, आईचं नोना हे नाव, हे सगळं सियोनच्या निकोलसचं. ते दोनशे वर्षं आधी होऊन गेलेल्या मायराच्या निकोलस यांच्या खात्यावर जमा झालं. जर्मन अभ्यासक गुस्ताव्ह आनरिख याने १९१३ आणि १९१७ मध्ये दोन खंडांत सगळी ग्रीक हस्तलिखितं तपासून छापली, तेव्हा हे दोन धागे नीट वेगळे करता आले.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायला नको. संत नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाचे अभंग मिसळले, आणि कुठला अभंग कोणाचा हे ठरवताना अभ्यासकांचा घाम निघाला. तुमच्याही वाट्याला हे येणार आहे. गुगल स्कॉलरवर ‘एस. पाटील’ शोधून बघा! आजच्या संशोधकांना ऑर्किड आयडी देतात तो याच कारणासाठी. चौथ्या शतकात ती सोय नव्हती.

निकियाची थप्पड

३२५ साली निकिया इथे कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद बोलावली. येशू ख्रिस्त पित्यासारखाच अनादी आहे, की पित्याने निर्माण केलेला, हा वाद होता. एरियस दुसऱ्या बाजूचा. तो बोलत असताना निकोलस उठले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली, ही गोष्ट आज इंटरनेटवर सर्वाधिक फिरते.

पहिला प्रश्न: निकोलस परिषदेला होते का? परंपरा ३१८ बिशप सांगते. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या सेवकांची संख्या ३१८ आहे, तिथून ही प्रतीकात्मक संख्या आली. प्रत्यक्ष नावांच्या ज्या याद्या शिल्लक आहेत, त्यांत एकवाक्यता नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या थिओडोर या लेखकाच्या यादीत निकोलस आहेत, पण बऱ्याच याद्यांत नाहीत. आता हे दोन प्रकारे लावता येतं. खरं नाव काही याद्यांतून गळलं, किंवा संत प्रसिद्ध झाल्यावर नाव नंतर घातलं गेलं. मायराचे बिशप म्हणून ते हजर असणं अशक्य नाही. म्हणून शेरा: शक्य, पण सिद्ध नाही.

दुसरा प्रश्न: थप्पड? ही गोष्ट आपल्याला मिळते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेट्रस दे नातालिबस या इटालियन बिशपच्या संतचरित्रसंग्रहात. अंतर हजार वर्षांहून जास्त. आणि त्याच्या मजकुरात मार खाणारा ‘एक एरियसपंथी’ आहे, स्वतः एरियस नाही. एरियस नंतर आला. आता अथनेशियसचं मौन आठवा. तो परिषदेला हजर होता आणि पुढे आयुष्यभर एरियसच्या मताविरुद्ध लिहीत राहिला. भर सभेत, सम्राटासमोर एवढा प्रसंग घडला असता, तर त्याने किंवा त्याच्या विरोधकांनी कुठे तरी अवाक्षर काढलं असतं. तेच मौन, तोच लेखक. अस्तित्वाच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही, थपडेच्या प्रश्नाला पडतं.

हाडं काय सांगतात?

इथे आम्हा सायन्सवाल्यांना जरा आनंद होतो. १०८७ मध्ये इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी मायराच्या चर्चमधली समाधी फोडून हाडं जहाजातून नेली. ती ९ मे रोजी बारीला पोचली, आणि त्या काळातच लिहिलेले दोन वृत्तान्त आपल्याकडे आहेत. मागे उरलेले तुकडे काही वर्षांनी व्हेनिसच्या लोकांनी नेले. १९५३ मध्ये बारीतली समाधी उघडली गेली, तेव्हा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक लुइजी मार्तिनो यांनी हाडांची मोजमापं घेतली. सांगाडा एका वयस्कर पुरुषाचा, वय सत्तरीच्या पुढचं. १९९२ मध्ये त्यांनीच व्हेनिसचे तुकडे तपासले. बारीत जे भाग नव्हते, त्यांच्याशी ते जुळणारे निघाले.

मग २०१७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गटाने कमरेच्या हाडाच्या एका तुकड्याची रेडिओकार्बन चाचणी केली. काळ निघाला चौथं शतक. बातम्यांचे मथळे आले: सांताची हाडं सापडली!

थांबा. पद्धत काय सांगते ते आधी बघू. जिवंत शरीरात कार्बन-१४ चं प्रमाण हवेशी समतोल राखून असतं. मृत्यूनंतर ते घटू लागतं, आणि त्याचा अर्धायुकाल आहे ५७३० वर्षं. चौथ्या शतकातल्या माणसाच्या हाडात आज साधारण ८२ टक्के शिल्लक असणार. या मोजणीत एक टक्क्याची चूक झाली तर वय ८० वर्षांच्या आसपास सरकतं. म्हणून उत्तर एका सालात मिळत नाही, पट्ट्यात मिळतं. वर, हाड मुरलेल्या मातीतला कार्बन वगळण्यासाठी त्यातलं कोलॅजेन वेगळं काढावं लागतं, आणि हवेतलं मूळ प्रमाण शतकाशतकाला बदलत असल्याने कॅलिब्रेशन करावं लागतं.

एवढं करून हाती येतं ते हे: हा तुकडा चौथ्या शतकाच्या सुमारास वारलेल्या माणसाचा आहे. नाव हाडात लिहिलेलं नसतं. शिवाय चाचणी झाली ती एका सुट्या तुकड्याची, बारीतल्या सांगाड्याची नव्हे. मग चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. मध्ययुगात अवशेषांचा मोठा बाजार होता. हा तुकडा अकराव्या शतकातला निघू शकला असता आणि दावा तिथेच संपला असता. तसं झालं नाही. जी चाचणी तुमचा दावा पाडू शकत होती, तिच्यातून तो तरला, इतकाच याचा अर्थ, आणि तो बराच आहे. ‘सिद्ध झालं’ आणि ‘विसंगत नाही’ यांतला फरक तुमच्या रिझल्ट्सच्या प्रकरणातही असाच सांभाळायचा असतो.

एका नजरेत

मृत्यूपासून पहिल्या ज्ञात उल्लेखापर्यंतचं अंतर मांडलं तर असं दिसतं:

- राजधानीत त्यांच्या नावाचं चर्च, मायराला समाधी: सुमारे २०० वर्षं
- तीन सेनापती आणि थांबवलेला वध: जास्तीत जास्त २५० वर्षं, कदाचित बरंच कमी
- तीन मुली आणि सोनं: सुमारे ५०० वर्षं
- जेरुसलेमची यात्रा, काका, आईचं नाव: दुसऱ्या निकोलसकडून आलेलं
- खाटकाने मारून खारवलेली तीन मुलं जिवंत करणं: सुमारे ८०० वर्षं, बाराव्या शतकातला फ्रान्स
- थप्पड: १००० वर्षांहून जास्त

खारवलेल्या मुलांची गोष्ट आपण वर घेतली नव्हती. काही अभ्यासकांचा अंदाज असा, की बुरुजात कोंडलेल्या तीन सेनापतींची चित्रं लोकांनी पाहिली. संत मोठे आणि बाकीची माणसं छोटी काढायची पद्धत होती. त्यातून बुरुजाचं पिंप झालं आणि सेनापतींची मुलं. अंदाजच आहे, पण निकोलस मुलांचे आणि शाळकरी पोरांचे संत कसे झाले, त्याची वाट यातून दिसते. म्हणून उशिराची दंतकथा फेकून द्यायची नसते. ती चौथ्या शतकाचा पुरावा नाही, पण बाराव्या शतकातल्या फ्रान्सचा उत्तम पुरावा आहे.

मग उरतं काय?

अशी तपासणी पाहून काही जणांना वाईट वाटतं, काही जणांना विजय मिळाल्यासारखं वाटतं. दोन्ही गैरलागू आहे. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने सणांची दिनदर्शिका नव्याने लावली, त्यात ६ डिसेंबरचा सण ऐच्छिक ठेवला. लगेच ‘पोपने निकोलस यांना संतपदावरून काढलं’ अशी आवई उठली. ते खरं नाही. सण ऐच्छिक होणं आणि संतपद जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ कागद न वाचता निष्कर्ष काढला की श्रद्धाळूही चुकतो आणि संशयवादीही.

वरचे थर बाजूला केल्यावर खाली राहतो तो मायराचा एक बिशप. त्याच्या गावाने त्याची समाधी जपली, मुलांना त्याचं नाव दिलं. आणि त्याच्याबद्दलची सर्वात जुनी आठवण म्हणजे लाचखाऊ सुभेदाराच्या हुकमाआड उभं राहून त्याने तीन जीव वाचवले. लाल झग्यातल्या म्हाताऱ्यापेक्षा मला हा माणूस जास्त भावतो. तो आपल्याला भेटतो तो केवळ आनरिखसारख्या लोकांनी कंटाळवाणी हस्तलिखितं ओळीने ओळ ताडून पाहिली म्हणून.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातलं असं एक वाक्य निवडा, जे सगळे पेपर प्रस्तावनेत लिहितात. त्याचा रेफरन्स उघडा. त्यात पुन्हा दुसरा रेफरन्स असेल तर तो उघडा. ज्याने प्रत्यक्ष मोजलं किंवा पाहिलं त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत थांबू नका. वाटेत तीन गोष्टी वहीत लिहा: मूळ नोंद कोणत्या वर्षाची, मूळ वाक्य आणि आजचं वाक्य यांत काय बदललं, आणि मधे कुठे ‘शक्य आहे’ चं ‘आहे’ झालं. एका वाक्याला एक दुपार जाईल. रिव्ह्यूचं प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा त्या दुपारचा उपयोग कळेल.